वाङ्मयचौर्य : सालोमालोपासून चित्रनगरीपर्यंत

दिंडोशीला लागून असलेली गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी महाराष्ट्र शासनाने १९७७ साली उभारली. प्रारंभी तेथे चित्रपटांचेच चित्रीकरण होत असे. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या आणि दैनंदिन मालिकांनी तेथील बरीचशी जागा व्यापली. आठवड्याला पाच-सहा भाग प्रक्षेपित करणाऱ्या मालिकेला नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना यांच्याही आधी एक गोष्ट लागते, आणि ती रोज लागते. ही गोष्ट पुरवणारा मोठा लेखकवर्ग अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या उपनगरांत राहतो. त्याची मजुरी, त्याचे श्रेय आणि त्याची सर्वांत मोठी धास्ती या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नाशी बांधलेल्या आहेत. निर्मात्याच्या कचेरीत बसून ऐकवलेली कथा उद्या दुसऱ्याच्या नावाने पडद्यावर आली, तर ती आपली होती हे दाखवायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर ‘चोरी’ या एका शब्दात देण्याची आपली सवय आहे. त्या शब्दाने राग व्यक्त होतो, पण उलगडा होत नाही. उचलेगिरी, उसनवारी, रूपांतर, अनुकरण, योगायोग या साऱ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतल्या काही कायद्याला मान्य आहेत, काही नाहीत. आणि कायद्याला मान्य असलेल्या सगळ्याच गोष्टी सभ्य असतात असेही नाही.

दोन संज्ञा, दोन गुन्हे

वाङ्मयचौर्य आणि स्वामित्वहक्काचा भंग या संज्ञा बोलण्यात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. दुसऱ्याची शब्दरचना, मांडणी किंवा संशोधन स्वतःचे म्हणून खपवणे हे वाङ्मयचौर्य. त्यात हानी होते ती श्रेयाची. हक्कधारकाच्या परवानगीवाचून त्याची कृती छापणे, सादर करणे, तिचे भाषांतर अथवा रूपांतर करणे हा स्वामित्वहक्काचा भंग. त्यात मूळ लेखकाचे नाव दिले आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम ठरतो. आपल्याकडील १९५७चा स्वामित्वहक्क कायदा वाङ्मयचौर्य अशी वेगळी संज्ञा वापरतच नाही.

दोन उदाहरणे घेतली म्हणजे फरक स्पष्ट होईल. ज्ञानेश्वरीतील ओव्या कोणी स्वतःच्या नावावर छापल्या, तर ते निखळ चौर्य होईल. परंतु स्वामित्वहक्काचा भंग होणार नाही, कारण त्या ग्रंथावर आज कोणाचाही हक्क नाही. उलट पु. ल. देशपांडे यांचा एखादा लेख त्यांच्या नावासकट, मोठ्या आदराने, पण विनापरवाना कोणी संपूर्ण प्रसिद्ध केला, तर चौर्याचा आरोप करता येणार नाही. हक्कभंग मात्र होईल. भारतात हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क संपत आला असताना १९९२ साली ती वाढवण्यात आली. पु. ल. २००० साली निवर्तले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०६० अखेरपर्यंत अबाधित आहे. ‘खाली नाव दिले आहे ना, मग झाले’ हा सर्वत्र आढळणारा समज या हिशेबाने चुकीचा ठरतो.

राजशेखराची प्रतवारी

श्रेयाचा विचार कायद्याहून फार जुना आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला राजशेखर हा यायावर कुळातला. त्याचा पणजा अकालजलद याला तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून गौरवतो. या राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात काव्यहरणावर, म्हणजे इतरांच्या काव्यातून केलेल्या उचलीवर, चक्क काही अध्याय आहेत. त्याचे मत रोखठोक आहे. जगात चोर नसलेला वाणी नाही तसा चोर नसलेला कवीही नाही. ज्याला लपवणे साधते तो निंदेवाचून नांदतो. हे वाचून कोणास धक्का बसेल, पण राजशेखर चोरीचे समर्थन करून थांबत नाही. तो तिची प्रतवारी लावतो.

शब्दांची उचल आणि अर्थाची उचल हा त्याचा पहिला भेद. अर्थाच्या उचलीचे मग चार प्रकार. आशय तोच, केवळ शब्दांची ठेवण बदललेली, तर ते आरशातल्या प्रतिबिंबासारखे. थोडे संस्कार करून तीच वस्तू निराळी भासवली, तर ते चित्रासारखे. विषय वेगळा असूनही साम्यामुळे एकच वाटावे, तर ते दोन सारख्या देहांच्या माणसांसारखे. आणि गाभा एक, पण बाकी सारा साज नवा असेल, तर ते परकायाप्रवेशासारखे. यांपैकी प्रतिबिंबासारखी उचल त्याज्य आणि परकायाप्रवेश कवीला शोभणारा, अशी साधारण चढती भाजणी आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त यांपैकी पहिले तीन प्रकार आधीच सांगितले होते. किती घेतले यापेक्षा घेतलेल्याचे काय केले, या कसोटीवर ही सारी प्रतवारी उभी आहे, आणि पुढे आपण ज्या न्यायालयीन निवाड्यांकडे वळणार आहोत त्यांची कसोटी याहून फारशी निराळी नाही.

नाममुद्रा आणि तिची चोरी

मराठीत श्रेयाची खूण संतांनी रचनेच्या आतच विणून ठेवली. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारी नाममुद्रा ही त्या काळातील लेखकाची सहीच होय. तोंडोतोंडी आणि वह्यांतून पसरणाऱ्या वाङ्मयाला मुखपृष्ठ नसते, प्रकाशक नसतो. कर्त्याचे नाव टिकायचे तर ते छंदातच बसवावे लागते. अर्थात ही सही पुसताही येत होती.

तुकोबांच्या काळात देहूत नेमके हेच घडले, असे परंपरा सांगते. सालोमालो नावाचा कीर्तनकार तुकोबांच्या अभंगांतील नाममुद्रा काढून तेथे स्वतःची घालत असे. गाथेत त्याच्यावर टीका करणारे अभंग आहेत. दुसऱ्याचे ते आपले म्हणतात, संतांची वचने मोडून त्यांतून स्वतःसाठी भूषणे करतात, असा त्यांचा रोख आहे. येथे ‘मोडणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. सोनार एक दागिना मोडून दुसरा घडवतो. सोने तेच राहते, पण आधीची घडण नाहीशी होते. तुकोबांनी आपले अभंग कोणी गाऊ नयेत असे कधी म्हटले नाही. सारे गावच ते गात होते. तक्रार होती ती घडण मोडून तिच्यावर दुसरी मुद्रा उमटवल्याची.

चोरीइतकाच उलटा व्यवहारही तेव्हा जोरात होता. स्वतःची रचना थोर पुरुषाच्या नावावर घालणे हा तो व्यवहार. अशा घुसडलेल्या रचनांना आपण प्रक्षिप्त म्हणतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती तीन शतकांत तिच्यात शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठीच. यापुढे ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, अशा आशयाचा इशाराही त्या प्रतीच्या अखेरीस आहे. नामदेवांच्या गाथ्यात पुढच्या काळातील विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढताना अभ्यासकांची अजून दमछाक होते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९पासून इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांचा गाथा काढला तेव्हा त्यांनाही हस्तलिखिते ताडून कोणता अभंग कोणाचा हे ठरवावे लागले.

रूपांतराची राजरोस वाट

छापखान्याबरोबर इंग्रजी पुस्तके आली आणि मराठी नाटकाने परकीय कथावस्तूंचा मुक्त हस्ताने स्वीकार केला. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून आले. त्यांच्या ‘संशयकल्लोळ’ची वंशावळ तर पाहण्यासारखी आहे. सतराव्या शतकातील मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फी याने १७६१ साली इंग्रजी नाटक रचले. त्यावरून देवलांनी आधी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक केले आणि पुढे १९१६ साली त्याला संगीताचा साज चढून ‘संशयकल्लोळ’ झाले. आज फाल्गुनराव आणि कृत्तिका ही मराठी माणसे वाटतात, पॅरिस-लंडनहून आलेली पाहुणी वाटत नाहीत. राजशेखर याला परकायाप्रवेश म्हणाला असता.

पुलंचे ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून, ‘अंमलदार’ गोगोलवरून आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ ब्रेख्तवरून, हे त्यांनी कधी लपवले नाही. गंमत अशी की ब्रेख्तचे मूळ नाटकच जॉन गे याच्या १७२८च्या ‘बेगर्स ऑपेरा’वर बेतलेले होते, आणि त्यातील काही पद्यांसाठी विलाँ या फ्रेंच कवीचा जर्मन अनुवाद अनुवादकाचे नाव न देता वापरल्याबद्दल ब्रेख्तवर १९२९ साली जाहीर आरोप झाला. वाङ्मयीन मालमत्तेच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत, असे त्याने बिनदिक्कत सांगून टाकले. गेचे ऋण मान्य करणारा लेखक अनुवादकाचे ऋण विसरला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. अनुवादकाला लेखक न मानण्याची ही खोड आपल्याकडेही कमी नाही.

साम्य दिसले की उचल झालीच, असा निष्कर्षही घाईचा असतो. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील अभिरूप न्यायालयाची तुलना स्विस लेखक ड्युरेनमाट याच्या एका कथेशी केली जाते. तेंडुलकरांनी मात्र या नाटकाचे बीज सांगताना अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला विलेपार्ल्याला निघालेल्या एका हौशी मंडळीचा प्रसंग सांगितला आहे. खेळ म्हणून मांडलेले न्यायालय ही कल्पना दोघांची. पण बेणारेबाई, तिच्याभोवतीची ती मध्यमवर्गीय चांडाळचौकडी आणि तिचे अखेरचे स्वगत ही एकट्या तेंडुलकरांची.

न्यायालय काय पाहते

दिंडोशीत शहर दिवाणी व सत्र न्यायालयाची शाखा आहे. पण या विषयावरचे गाजलेले निवाडे फोर्टातील मुंबई उच्च न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे आहेत. त्या साऱ्यांचा पाया १९७८ सालचा. नाटककार आर. जी. आनंद यांचे ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक १९५४ साली रंगमंचावर आले. चित्रपट-दिग्दर्शकाने त्यात रस दाखवला आणि लेखकाकडून ते ऐकूनही घेतले. पुढे १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट झळकला. पंजाबी आणि मद्रासी कुटुंबे, त्यांच्या मुलांचे प्रेम, प्रांतीय दुराग्रह हा विषय दोन्हींकडे होता. आनंद न्यायालयात गेले आणि बावीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात हरले.

निकालाचे सार असे. कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक अथवा पौराणिक घटना यांवर कोणाचीही मालकी नसते. हक्क असतो तो त्या कल्पनेला दिलेल्या रूपावर, मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर. दोन्ही कृती वाचणाऱ्या किंवा पाहणाऱ्या माणसाच्या मनावर ‘ही त्याचीच नक्कल आहे’ असा निःसंदिग्ध ठसा उमटला, तरच भंग झाला असे मानायचे. ‘न्यू दिल्ली’त हुंडा आणि अन्य प्रश्नांचे असे धागे होते की जे नाटकात नव्हते, म्हणून तो ठसा उमटत नाही, असे न्यायालयास वाटले. कायदेशीरदृष्ट्या हा निकाल पक्का आहे आणि कल्पनांवर मक्तेदारी निर्माण होऊ नये हे तत्त्व योग्यच आहे. तरीही ज्याने समोर बसून नाटक वाचून दाखवले त्याला रिकाम्या हाती परतावे लागले, ही गोष्ट उपनगरातील नवा लेखक विसरत नाही.

मराठीशी संबंधित अलीकडची उदाहरणे याच वाटेने गेली. ‘बेताल’ ही वेबमालिका २०२० साली यायची होती, तेव्हा ‘वेताळ’ या आपल्या कथेवरून ती घेतल्याचा दावा एका लेखकाने केला. वेताळ ही पुराणकथांतून चालत आलेली कल्पना आहे, असे नमूद करून उच्च न्यायालयाने तातडीचा मनाई हुकूम नाकारला. डोंबिवलीत जिवंत प्रेतांचा धुमाकूळ दाखवणाऱ्या ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाविरुद्ध २०२१मध्ये असाच दावा झाला. तोही अंतरिम टप्प्यावर टिकला नाही आणि २०२२च्या जानेवारीत चित्रपट प्रदर्शित झाला. विश्वासाने सांगितलेली गुप्त माहिती नेमकी कोणती, ती कोणास सांगितली आणि ती आधीपासून सर्वांस ठाऊक असलेल्या गोष्टींहून निराळी कशी, हे दावेदाराने काटेकोरपणे दाखवले पाहिजे, असा त्या आदेशाचा आग्रह होता.

लेखकाच्या बाजूचे निकालही आहेत. शमोईल अहमद यांच्या ‘सिंगारदान’ या उर्दू कथेत दंगलीत एक माणूस वेश्येचा आरसेमहाल, म्हणजे शृंगाराचे टेबल, लुटून घरी आणतो आणि त्या वस्तूच्या सान्निध्यात घरातील स्त्रियांचे वागणे पालटू लागते. त्याच नावाची वेबमालिका निघाली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले की ही नुसती कल्पना नव्हे. पात्रे, प्रसंग आणि त्यांची गुंफण मिळून झालेले हे कथानक आहे आणि प्रथमदर्शनी ते उचललेले दिसते. त्याआधी २००३ साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या खटल्यात, वाहिनीला विश्वासाने दाखवलेल्या मालिकेच्या संकल्पना-टिपणाला त्याच न्यायालयाने संरक्षण दिले होते. या निकालामुळे एक वेगळे दार उघडले. स्वामित्वहक्क सिद्ध होणे अवघड असले, तरी विश्वासभंगाचा दावा लावता येतो.

संगीताच्या बाबतीत साम्य कानाला तात्काळ कळते. ‘क्रेझी फोर’ या २००८च्या चित्रपटातील गाण्यात आपली जाहिरातीसाठीची धून वापरल्याचा दावा संगीतकार राम संपत यांनी केला. उच्च न्यायालयाने प्रदर्शनाच्या तोंडावर त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि मग प्रकरण तडजोडीने मिटले. चित्रपट लागण्याआधीचा एक आठवडा हा लेखक-संगीतकाराच्या हातातील सर्वांत प्रभावी काळ असतो. मात्र त्या आठवड्यातच आलेल्या दाव्याकडे न्यायालये संशयाने पाहतात, हेही खरे. चित्रपटाची घोषणा झाल्याचे ठाऊक असून गप्प बसलेल्या दावेदाराला हा विलंब महागात पडतो.

कागद, तारीख, सही

अंधेरीत पटकथालेखकांची संघटना आहे. पूर्वी तिचे नाव फिल्म रायटर्स असोसिएशन होते, आता स्क्रीनरायटर्स असोसिएशन. सभासदाला तेथे कथा, पटकथा, गीत नोंदवता येते आणि वाद झाल्यास संघटनेच्या समितीकडे तक्रारही करता येते. या नोंदणीविषयी बराच भाबडेपणा आढळतो. नोंदणीने कथा स्वतंत्र आहे असे सिद्ध होत नाही. अमुक मजकूर अमुक दिवशी अमुक माणसाजवळ होता, एवढेच सिद्ध होते. पण आनंद यांच्यासारख्या प्रकरणांत एवढेच पुष्कळ असते. स्वामित्वहक्क निबंधकाकडील नोंदणीही ऐच्छिक आहे. मजकूर लिहून झाला की हक्क आपोआप निर्माण होतो.

नाव नोंदवून मात्र काही हाती लागत नाही. ‘देसी बॉईज’ या नावाचा कथासारांश एका लेखकाने २००८ साली संघटनेत नोंदवला होता. त्याच उच्चाराच्या नावाचा चित्रपट २०११ साली आला. शीर्षक ही स्वतंत्र वाङ्मयकृती नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली त्यावरची फौजदारी तक्रार रद्द केली. म्हणून एका ओळीची कल्पना किंवा आकर्षक नाव नोंदवण्यात अर्थ नाही. पात्रांचे स्वभाव, प्रसंगांचा क्रम, वळणे, शेवट असे जितके कागदावर उतरेल तितके लेखकाचे. कथा ऐकवण्याआधी ती ई-मेलने पाठवावी आणि भेटीनंतर ‘आज आपल्याला अमुक कथा ऐकवली’ असे दोन ओळींचे पत्र धाडावे, हा अनुभवी लेखकांचा सल्ला त्यामुळेच मोलाचा आहे.

करारपत्राकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिलेल्या साहित्याच्या चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातील समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. शिवाय कलम ५७ आहे. हक्क विकल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या मोडतोडीस हरकत घेण्याचा लेखकाचा अधिकार ते राखून ठेवते. मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या वेळी याच कलमाचा आधार घेतला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली तो उचलून धरला.

करार चोख असला तर कथेचा प्रवास कसा होतो, याचे उदाहरण घरोघरी पाहिलेले आहे. ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवरून मराठीत ‘आई कुठे काय करते’ आणि हिंदीत ‘अनुपमा’ आली. हिंदी मालिकेचा संच दिंडोशीलगतच्या याच चित्रनगरीत उभा राहिला. कथासूत्र एकच, तरी तेथे चौर्य नाही, कारण हक्क एकाच वाहिनीसमूहाकडे होते.

दहा टक्क्यांचे मिथक

‘दहा टक्क्यांपर्यंत घेतले तर चालते’ असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. स्वामित्वहक्क कायद्यात असा आकडा कोठेही नाही. समीक्षा, परीक्षण, वृत्तांत, खासगी अभ्यास यांसाठी रास्त वापराची मुभा कलम ५२ देते. ती शब्द मोजून ठरत नाही, हेतू पाहून ठरते. हा आकडा बहुधा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतून सुटून बाहेर आला असावा. तीत प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही, चाळीसपर्यंत असल्यास सहा महिन्यांत सुधारून देणे, साठपर्यंत असल्यास वर्षभर पुन्हा सादर करण्यास मनाई आणि त्यापुढे नोंदणी रद्द, अशी चढती श्रेणी आहे.

हे साम्य संगणक शोधतो आणि मराठीच्या बाबतीत तो सहज फसतो. इंग्रजी पुस्तकातील प्रकरण मराठीत उतरवले की अक्षरांची जुळणी होत नाही. जुने प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले आहेत, ते यंत्राला वाचताच येत नाहीत. ग्रंथालयाच्या कपाटातले तर त्याच्या गावीही नसतात. अशी चोरी पकडतो तो अखेर त्या विषयाचा जुना वाचकच.

नाव गळालेला मजकूर

भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मजकुराने नाममुद्रेचा प्रश्न पुन्हा तुकोबांच्या काळात नेऊन ठेवला आहे. पूर्वी ई-मेलने येत त्यांना मराठीत ‘ढकलपत्रे’ असे झकास नाव पडले होते. एखाद्याने मेहनतीने लिहिलेला लेख तिसऱ्या-चौथ्या हाती जाईपर्यंत त्याखालचे नाव गळते. मग कोणीतरी आयत्या बिळावर नागोबा होऊन स्वतःचे घालतो. आणि नरोटी ठेवणारेही आहेतच. कोणाही सोम्यागोम्याच्या ओळी पुलंच्या किंवा वपुंच्या नावावर बिनदिक्कत खपवल्या जातात. मूळ लेखकाला तारखेसह पुरावा देता आला, तर संबंधित संकेतस्थळाला लेखी कळवून मजकूर काढायला लावता येतो. कुटुंबाच्या गटांतून फिरणाऱ्या मजकुरावर मात्र हा उपाय फारसा चालत नाही.

सालोमालोची गोष्ट मराठी घरांत पोहोचवण्यात प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा वाटा मोठा. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते आणि भागवत सालोमालो. त्यात बीजापासून वृक्ष होण्याचे रूपक असलेला एक अभंग आहे. त्याची भाषा आणि चाल इतकी अस्सल उतरली की तो तुकोबांचाच, असे मानणारे लोक आजही भेटतात. तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला होता. गाथेत तो कोठेही नाही.